सावरपाड्याचे नऊ आणे

१२ ऑक्टोबर १९६५, तलासरी

दौऱ्याची डायरी महिन्याच्या महिन्याला कचेरीत जाते. कुठून निघालो, किती मैल चाललो, काय पाहिलं, एवढंच तिच्यात असतं. ही वही कुठे जायची नाही. डहाणूच्या डॉक्टरांनी सांगितलं, झोप येत नसेल तर काहीतरी लिहीत जा. झोप मला येते, उलट फारच येते. पण वही विकत घेऊन बसलो होतो, वाया कशाला घालवायची?

पहिल्या पानावर आपण कोण ते लिहावं, असं शाळेत शिकवलं होतं. तर मी काशीनाथ चुरी, शेतकी खात्यात सहायक. घर वाणगावला, भावाची वाडी आहे, आई तिथेच. मी इथे बाजारात खोली घेऊन राहतो. काम पीक कापणी प्रयोगाचं. कुठल्या गावातलं कुठलं शेत ही यादी ठाण्याहून येते. ते आपण निवडायचं नाही, चिठ्ठी निघाल्यासारखं निघतं. त्या शेतात तेहतीस फूट बाय साडेसोळा फुटांचा तुकडा दोरीने आखायचा आणि तेवढंच भात कापायचं, झोडायचं, पाखडायचं, जोखायचं. धान्य शेतकऱ्याला परत, आकडा सरकारला. असे आकडे जुळवत जुळवत दिल्लीला देशाचं उत्पन्न ठरतं म्हणे. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, तोच माझा धंदा. अकरा वर्षांत एकही आकडा खोटा लिहिला नाही. याखेरीज स्वतःबद्दल सांगण्यासारखं काही आठवत नाही.

१८ ऑक्टोबर

डहाणूला बैठक. जिल्ह्याचे साहेब गोविंदराव प्रधान आले होते. गेल्या वर्षी देशाचं उत्पन्न कधी नव्हे एवढं वाढलं, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा शेतीचा, असं त्यांनी फळ्यावर रेघ काढून दाखवलं. रेघ वर गेली होती. मग खडू तिथेच टेकवून म्हणाले, "एक वर्ष वाढणं म्हणजे नव्याचे नऊ दिवस. वाढतं ठेवणं, हे खरं काम."

यंदा ऑगस्टमध्ये पाऊस गेला तो फिरकलाच नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. ते खोटं लिहा म्हणत नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "जिथे चांगलं असेल ते निसटू देऊ नका, चुरी. वाईट काय, आपोआप दिसतं." मनुष्य वाईट नाही. लहानपणी दुष्काळात आईबरोबर खडी फोडली आहे, असं एकदा बोलले होते. घरचं कळल्यावर त्यांनी पत्रही पाठवलं होतं. उत्तर द्यायचं राहिलं.

आज सोमवार. देशासाठी संध्याकाळचं जेवण सोडायचं, म्हणून चार वाजताच सगळ्यांनी भजी आणि पाव हाणले. मीही खाल्ले. तिखट होते की अळणी, आता सांगता येणार नाही.

२८ ऑक्टोबर

सावरपाडा. इथून पाच मैल, त्यातले शेवटचे दोन पायवाटेने. वारल्यांची अठरा घरं. यादीत निघालेलं शेत लडक्याचं. घरात तो, त्याची आई तुळशी आणि बायको रूपी.

कमरेएवढं व्हायचं ते भात गुडघ्याला राहिलंय. लोंब्या हातात चुरडल्या तर निम्म्या पोकळ. माझ्या अंदाजाने त्या तुकड्यात चार किलोही भरणार नाही. शेजारच्या पाड्यांतही हेच पाहिलं. या पाड्याची आणेवारी ह्या प्रयोगावरच ठरायची आहे. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. सहाच्या खाली गेलं की दुष्काळी काम निघतं, मजुरी मिळते, स्वस्त धान्याची गाडी येते. सहाच्या वर राहिलं तर काही नाही. लडक्याला हे सांगितलं नाही. सांगायचं नसतं, सांगितलं की लोक धान्य लपवतात.

तुळशी सत्तरीची असेल. वाळकी, पण आवाज खणखणीत. ती म्हणाली, "जोखाचा त जोख. पन कणसरीला पुजल्याबिगर नाय जोखाचा."

कणसरी म्हणजे त्यांची धान्याची देवी. खळ्यावरच्या नव्या राशीत ती येते. पूजेआधी राशीला माप लावत नाहीत.

"आजी, त्याच दिवशी जोखायचा नियम आहे."

"मंग त्याच दिशी पुजू. तू घटकाभर उगा ऱ्हा म्हंजे झाला."

मी बरं म्हटलं. सून पाण्याची हंडी घेऊन आली. दिवसांत आहे, सातवा असावा. मला डोकं दुखायला लागलं, पाणी न पिताच परतलो. ऊन फार होतं.

२ नोव्हेंबर

प्रयोग क्रमांक चौदा झाला. नऊला दोरी मारली. लडक्या आणि रूपी कापायला बसले. ती दर थोड्या वेळाने उठून कमरेवर हात ठेवायची, श्वास घ्यायची, पुन्हा वाकायची. लडक्याला म्हटलं, हिला घरी पाठव. तो हसला. म्हणाला, "ती घरी काय करील?"

कापणीपासून जोखेपर्यंत शेतावरून हलायचं नाही, असा नियम आहे. पण ऊन लागत होतं, म्हणून ओहोळाकडे करंजाच्या सावलीत जाऊन बसलो. बसलो तो आडवा झालो. डोळे उघडले तेव्हा पायावर ऊन आलं होतं. जवळजवळ तीन तास गेले होते.

खळ्यावर झोडून, पाखडून रास तयार होती. वर शेंदूर, दोन फुलं, फोडलेला नारळ. तुळशी हात जोडून काहीतरी पुटपुटत होती. तिचं झाल्यावर मी काटा टांगला. दहा किलो दोनशे. मी टोपली उतरवून काटा रिकामा पाहिला, बरोबर शून्यावर होता. पुन्हा लावलं. दहा किलो दोनशे.

तुळशी खुशीत दिसली. लडक्या मात्र पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता.

अंदाज चुकतात. डोळ्यांपेक्षा काट्यावर विश्वास ठेवावा, हे मीच नव्या पोरांना शिकवतो. नियमाप्रमाणे एक किलो कापडी पिशवीत भरून घेतलं, बाकीचं परत केलं. दौऱ्याच्या डायरीत 'सकाळी ९ ते दुपारी ३ शेतावर हजर' असं लिहिलं. शेतावरच होतो की.

९ नोव्हेंबर

सावरपाडा नऊ आणे. आजूबाजूचे सगळे पाडे तीन-चार आण्यांत. गोविंदरावांनी ठाण्याहून फोन केला. कचेरीतला फोन खरखरतो, पण त्यांचा आनंद ऐकू आला. त्या शेतात जपानी पद्धतीने लावणी झाली होती का, म्हणून विचारत होते. मी म्हटलं, रोपं ओळीत दिसत होती. तशी ती होती, थोडीफार.

"बघा! म्हणजे पाऊस नसतानाही वाढ टिकवता येते. चुरी, हे वर कळवलं पाहिजे."

कळवा म्हटलं.

१८ नोव्हेंबर

पिशव्या तोलायचा दिवस. ताज्या भातात ओल असते. ती पंधरा दिवसांत किती सुकते हे पाहून आकड्यातून तेवढं वजा करतात. तेरा पिशव्या नव्वद ते एकशेदहा ग्रॅम घटल्या. चौदावी सावरपाड्याची. घट तीस ग्रॅम.

नवं भात असं वागत नाही. पिशवी उघडून थोडं भात हातावर घेतलं. त्यात दोन रंग होते, काही दाणे पिवळे आणि बरेचसे करडे. पिशवी बांधून परत टांगली. तक्त्यात तीस लिहिलं. तीसच होते, खोटं काय लिहिलं?

आज एवढं पुरे.

२८ नोव्हेंबर, वाणगाव

घरी आलो. वाडीत मिरचीची तोडणी चालू आहे, सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी. आईने माझ्या आवडीचं कालवण केलं होतं. जेवताना म्हणाली, "काशी, माळ्यावरचा पाळणा शेजारी देऊ का? त्यांच्याकडे झालंय."

"द्या."

"तुला चालेल ना पण?"

"आपल्याला काय करायचाय?"

आई ताटावरून उठून आत गेली. मला वाटलं ताक आणायला गेली. बऱ्याच वेळाने आली, हात रिकामेच. भाऊ माझ्याकडे असा बघत होता की मी काही वावगं बोललो असावं. मी पाळणा उतरवून, पुसून, स्वतः शेजारी नेऊन दिला. चांगल्या शिसवीचा आहे, पडून राहिला असता तर भुंगा लागला असता.

१० डिसेंबर

हसावं की काय करावं कळत नाही. लडक्याला 'प्रगतिशील शेतकरी' म्हणून प्रशस्तिपत्र आलं. काचेच्या चौकटीत, गोविंदरावांच्या सहीचं. ते पोचवायला मला पाठवलं.

पाड्यात माणसं कमी दिसली, काही घरं वीटभट्टीवर गेली होती. लडक्या जंगलातून कडूकंद खणून आला होता. रूपी ते चिरून ओहोळाच्या पाण्यात ठेवत होती, कडवटपणा जायला रात्रभर ठेवावे लागतात. आता तिचे दिवस भरत आलेत. मी चौकट दिली. लडक्याने ती उलटसुलट करून पाहिली.

"ह्याचा काय करू?"

"भिंतीला लाव. तुझं पीक आजूबाजूच्या सगळ्या पाड्यांत चांगलं आलं, म्हणून सरकारने दिलंय."

त्याने आईकडे पाहिलं. तुळशीच सांगू लागली, लपवाछपवी न करता, काल बाजारात काय घेतलं ते सांगावं तसं.

"तो पीक कुठला आला रं साहेब? पसाभर होता. मी बोल्ले, सरकारचा काटा येल आन कणसरी येवढीशी बसलेली दिसल. तिला लाज नाय वाटनार? सुनेच्या माहेरचे आले म्हंजे आपून घरातला सगळा ताटात वाढतूच ना? मंग कनगीत जुना भात होता, शेवटचा, तो तिच्या राशीत घातला. भरलेली दिसली म्हंजे फुडल्या सालीं येल."

"मी तिथे होतो ना."

"तू निजलेला. रूपी बोल्ली, साहेबाला उठवू का? मी बोल्ले, नको. दमलेला दिसतो, निजू दे."

झाकली मूठ ठेवायची ती माणसांपासून. देवीचीही झाकतात, हे अकरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मीही त्यांना काही सांगितलं नव्हतं, तसा नियमच आहे. आता मी आणेवारीचं सगळं सांगितलं तेव्हा लडक्याने चौकट ओट्यावर ठेवून दिली. तुळशी म्हणाली, "मंग आता काढून टाक ना तो जुना भात. तुझ्याच वहीत हाय."

मी निघालो. चौकट ओट्यावर तशीच होती.

१३ डिसेंबर

काढून टाकायचं म्हणजे प्रयोग रद्द करायचा. रद्द करायला कारण द्यायला हवं. कारण एकच, मी जागेवर नव्हतो. दौऱ्याच्या डायरीत हजर लिहून झोपलो होतो. अकरा वर्षं एकही आकडा खोटा लिहिला नाही, असं मी ह्या वहीत पहिल्याच दिवशी लिहिलंय. पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही.

पत्र लिहिलं नाही.

१५ डिसेंबर

पत्र लिहिलं नाही. दुपारी झोपलो.

१७ डिसेंबर

लिहिलं. 'प्रयोग क्रमांक चौदाच्या वेळी मी सुमारे तीन तास झोपलो होतो. त्या वेळेत राशीत जुने धान्य मिसळले गेले. दोष शेतकऱ्याचा नसून माझा आहे. प्रयोग रद्द करून सावरपाड्याची आणेवारी पुन्हा ठरवावी.' पोस्टात टाकलं आणि हॉटेलात चहा घेतला. भीती वाटेल असं वाटलं होतं. काहीच वाटलं नाही. चहात साखर कमी होती, एवढं मात्र लक्षात आलं.

२२ डिसेंबर, ठाणे

गोविंदरावांनी बोलावून घेतलं. पत्र त्यांच्या पुढ्यात होतं. रागावतील म्हणून उभा राहिलो, पण त्यांनी बसायला सांगितलं.

"हा आकडा पुण्याला गेला. वर गेला. मी त्याच्यावर टिपण लिहिलं, माझ्या नावाने."

"हो साहेब."

"यंदा सगळीकडून रडगाणी येताहेत. देशाचं उत्पन्न वाढायचं सोडा, घटणार आहे. त्यात ही एक जागा होती." मग हळू म्हणाले, "एका पाड्याने देशाच्या आकड्यात काही फरक पडत नाही, चुरी."

"मग बदला ना साहेब."

त्यांनी पत्र घडी करून फायलीत ठेवलं. "तुम्ही असे नव्हता. पाच वर्षांत तुम्ही रजा नाही घेतली. यंदाही घरचं झाल्यावर चौथ्या दिवशी कामावर आलात. मी तेव्हाच घरी पाठवायला हवं होतं." मला हे कशासाठी सांगताहेत ते समजलं नाही. काम होतं म्हणून आलो होतो.

शेवटी म्हणाले, "पाठवतो वर. चौकशी लागेल. वेळ जाईल."

"किती?"

"ते माझ्या हातात नाही."

२० जानेवारी १९६६

माझी वेतनवाढ रोखली, वर्षभरासाठी. सेवापुस्तकात शेरा. हे चटकन झालं. सावरपाड्याचं प्रकरण मात्र 'विचाराधीन'. दर सोमवारी कचेरीत विचारतो. कारकून आता मी दार उघडताच मान हलवतो.

लडक्या बाजारात भेटला. रूपी सुटली, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. मी खिशात होते ते त्याला दिले. त्याने घेतले. खोलीवर येऊन बसलो. दोघी बऱ्या आहेत, हे कितीतरी वेळ मनात घोळत होतं.

११ फेब्रुवारी

प्रयोग रद्द. सावरपाडा साडेतीन आणे. म्हणजे आता तो दुष्काळी झाला. इतक्या आनंदाने हे वाक्य कुणी लिहिलं नसेल. आनंद म्हणजे, निदान बसवेना, उठून बाजारापर्यंत जाऊन आलो.

काम मंजूर व्हायला अजून महिना. पाड्याजवळच्या रस्त्याला खडी. हजेरी घ्यायला मला नेमलंय, ही शिक्षा आहे असं कचेरीत सगळे समजतात. पाड्यात जाऊन नावं घेऊन आलो. तुळशी झोपडीत पडून होती. म्हणाली, "माझा नाव पयला लिही. खडी मी लडक्यापरीस बारीक फोडतां." पहिलं लिहिलं.

१४ मार्च

काम सुरू झालं. सकाळी हजेरीचा कागद घेऊन दगडांच्या ढिगापाशी उभा राहिलो. पहिलं नाव तुळशी. कोणी बोललं नाही. पुन्हा घेतलं. मग लडक्या म्हणाला, "ती नाय येनार, साहेब. होळीच्या आधी गेली, आठ दिस."

"कशाने?"

"कशानं काय! रोज बोले, माना भूक नाय. रूपीला वाढा, तिला अंगावर पाजाचा हाय. म्हातारीला भूक कमीच लागते, आमी पन मानला." तो हातोडी उचलून गेला.

पिशवी हवी तेवढी घटली नाही ती अठरा नोव्हेंबरला. पत्र लिहिलं ते सतरा डिसेंबरला. एकोणतीस दिवस. होळी होऊन आठवडा झाला, म्हणजे म्हातारी गेली त्याला आज पंधरा दिवस झाले. मला एवढा हिशेब येतो. त्या दिवशी हातावर दोन रंगांचं भात घेऊन मी उभा होतो आणि मला समजलं होतं. तेव्हा लिहिलं असतं तर तुळशी आज दगडांवर बसून मला नावं ठेवत असती. मला फार वाईट वाटलं. छातीत दुखलं, खरोखरीचं. तिच्या नावापुढे काही न लिहिता पुढची नावं घेतली.

रूपीने मुलीला पळसाच्या सावलीत फडक्यावर ठेवलं होतं. ती रडायला लागली. रूपी ढिगाच्या पलीकडे होती, तिने मान वर करून पाहिलं आणि हातातला दगड पुरा फोडायला पुन्हा वाकली. रडणं थांबेना.

श्रावणात डहाणूच्या दवाखान्यात माझी बायको हिरकणी बाळंतपणात गेली, तेव्हा मुलगी होती. पाच तास जगली. नर्स दोनदा म्हणाली, घ्या ना हातात. मी म्हटलं, नंतर घेतो. मला तेव्हा वाटलं होतं, आधी रजेचा अर्ज लिहिला पाहिजे. मी दवाखान्याच्या ओसरीत बसून खरोखर रजेचा अर्ज लिहिला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, ह्या वहीलाही नाही.

कागद दगडाखाली ठेवला आणि गेलो. ती एवढीशी, लालबुंद, मुठी आवळलेल्या. उचलली तर डोकं मागे लवंडलं, मी घाबरून गेलो. पलीकडून रूपी ओरडली, "मान धर, साहेब! मान!"

मी धरली.